सौर ऊर्जा आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य: कोणी काही करतंय का, की नुसते ग्रुप फोटो?

उन्हाडक्या
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आंतरराष्ट्रीय सौर आघाडी आठवतेय ना? ३० नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसच्या हवामान परिषदेत भारत आणि फ्रान्सने मिळून जाहीर केलेली. दहा वर्षं होऊन गेली तिला. मुख्यालय गुरुग्रामला, करार ६ डिसेंबर २०१७ पासून रीतसर लागू, शंभराच्या वर देशांच्या सह्या. उद्दिष्टं वाचली तर छाती दडपते, २०३० पर्यंत एक हजार अब्ज डॉलर गुंतवणूक काय, १००० गिगावॅट काय, १०० कोटी लोकांपर्यंत ऊर्जा काय.

आता दुसरीकडे बघा. जगात सौरचे पहिले १००० गिगावॅट व्हायला २०२२ उजाडावं लागलं आणि पुढचे १००० तर २०२४ सरायच्या आतच झाले. हे कशाने झालं? पॅनल मातीमोल झाले म्हणून. कुठल्या ठरावाने किंवा जाहीरनाम्याने नाही. मग माझा सरळ प्रश्न असा की देशांनी एकत्र येऊन करण्यासारखं या विषयात उरलंय काय? का बाजार करतोय ते त्याला करू द्यावं आणि बाकीच्यांनी बाजूला व्हावं?

अनुभव, मतं, टोमणे, सगळं चालेल.

तिरकस
सूर्य पूर्वेला उगवतो, पॅनलही पूर्वेकडूनच येतात. आघाडीचा संबंध आला कुठे? :)

मधली_सुट्टी
वाचतेय. धागा पेटणार असं दिसतंय.

शंकासुर
उन्हाडक्या यांच्याशी सहमत. पाकिस्तानचंच बघा ना. २०२४ या एका वर्षात तिथे १७ गिगावॅटच्या आसपास पॅनल आयात झाले. सरकारची कुठली भव्य योजना नाही, परदेशी मदत नाही, लोकांनी ग्रिडच्या बिलांना कंटाळून आपापल्या छतांवर आणि शेतात बसवून टाकले. हे सहकार्याने झालं असतं तर अजून आराखडाच मंजुरीसाठी फिरत असता.

गणितवाली
शंकासुर, ज्याच्या हातात रोख आहे त्याचं ठीक आहे हो. पण पॅनल स्वस्त झाला की वीज तेवढीच स्वस्त होते असं नाही, इथे सगळे हमखास फसतात. कोळशाच्या केंद्राचा बराचसा खर्च पुढे वर्षानुवर्षं कोळशावर होत राहतो. सौरमध्ये उन्हाचं बिल येत नाही, जवळपास सगळा पैसा पहिल्याच दिवशी ओतावा लागतो. म्हणजे पुढची वीस वर्षं तुम्ही जे भरता तो कर्जाचा हप्ता असतो.

हिशोब करून बघा. १०० डॉलर कर्ज, २० वर्षांत समान हप्त्यांनी फेड. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता साधारण ७.३६ डॉलर. व्याज १२ टक्के असेल तर १३.३९. पॅनल तोच, ऊन तेच (कदाचित जास्तच), आणि वीज जवळजवळ दुप्पट महाग. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने म्हटलंय की आफ्रिकेत ऊर्जा प्रकल्पांसाठी पैसा श्रीमंत देशांच्या दोन ते तीन पट महाग पडतो. जगातल्या सगळ्यात उत्तम सौर क्षमतेपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहे आणि बसवलेले पॅनल १ टक्का, तेही त्यांचेच आकडे. सहारापेक्षा जर्मनीत जास्त ऊन पडतं म्हणून तर तिथे पॅनल लागले नाहीत ना?

तर उरलंय काय याचं माझं उत्तर: व्याज.

शंकासुर
पण व्याज जास्त का असतं? जोखीम जास्त असते म्हणून. ती परिषदेत टाळ्या वाजवल्याने जाते का? शेवटी कोणाच्या तरी डोक्यावर बसणारच ती.

गणितवाली
बरोबर, बसणारच. पण जोखीम एकसंध नसते. ऊन पडेल का ही जोखीम जवळपास शून्य. प्रकल्प उभा राहील का, थोडीशी. खरी भीती असते ती सरकारी वीज कंपनी पैसे वेळेवर देईल का याची. त्या भीतीवर हमी देता येते. जागतिक बँक गटाने झांबियात हेच केलं: टेंडरची ठरीव नमुन्याची कागदपत्रं, कर्ज आणि हमी असं सगळं एकत्र बांधून दिलं. २०१६ च्या लिलावात युनिटला ६.०२ सेंटचा भाव आला, तेव्हा आफ्रिकेतला सर्वात कमी. तिथलं ऊन काही त्या वर्षी वाढलं नव्हतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हीच सांगाल. वीज कंपनीला ग्राहक स्थानिक चलनात पैसे देतो आणि तिला प्रकल्पाला द्यायचे असतात डॉलरच्या हिशोबाने. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबियाने परदेशी कर्जाचा हप्ता चुकवला. चलन घसरलं की तोच ६ सेंटचा करार जड व्हायला लागतो. चलनाची जोखीम कोणी घ्यायची हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही आणि हे काम बाजार आपणहून करत नाही. स्थानिक चलनात लांब मुदतीचं स्वस्त कर्ज, एवढं एक जरी या आघाड्या-बँकांनी जमवलं तर ग्रुप फोटो माफ.

टवाळ
गणितवालीबाई आल्या की धाग्याचा तास होतो. गृहपाठ किती तारखेला द्यायचा?

बोरू
"पॅनल मातीमोल झाले, कुठल्या ठरावाने नाही" हे उन्हाडक्याचं वाक्य मला खटकलं, म्हणून जरा लांबण लावतो.

१९५४ ला अमेरिकेत बेल लॅबने सिलिकॉनचा सौर सेल दाखवला, १९५८ ला तो व्हॅन्गार्ड उपग्रहावर गेला. तेव्हा त्याची किंमत अशी की उपग्रहालाच परवडावी. १९७३ च्या तेलसंकटाने जपान हादरला आणि १९७४ ला त्यांनी सनशाइन नावाने संशोधनाचा सरकारी कार्यक्रम काढला. पुढे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत पर्क नावाची सेलची रचना तयार झाली, जी नंतर जगभरच्या कारखान्यांनी उचलली. त्यांच्याच हाताखाली पीएचडी केलेले शी झेंगरोंग चीनला परत गेले आणि २००१ ला सनटेक काढली. माल घेणार कोण? तर जर्मनी, कारण २००० साली त्यांनी कायदा केला की सौर वीज ठरलेल्या चढ्या भावाने वीस वर्षं विकत घेऊ. तो जादा भाव जर्मन ग्राहकाने वर्षानुवर्षं आपल्या बिलातून भरला. त्या मागणीवर चिनी कारखाने मोठे झाले आणि मोठे होता होता स्वस्त झाले.

म्हणजे शोध अमेरिकेचा, चिकाटी जपानची, डोकं ऑस्ट्रेलियाचं, पैसा जर्मन ग्राहकाचा, कारखाना चीनचा. याला बाजार म्हणायचं असेल तर म्हणा, पण यात पावलोपावली सरकारी पैसा आहे आणि विद्यापीठांची दारं परदेशी विद्यार्थ्यांना उघडी आहेत. फक्त कोणी त्याला आघाडी असं नाव दिलं नव्हतं.

तिरकस
बोरूसाहेब, गोष्ट झकास पण याला सहकार्य म्हणू नका. जर्मनीतले पॅनलचे कारखाने त्याच चिनी मालाने बसवले ना? मग युरोपने २०१३ ला चिनी पॅनलवर डम्पिंगविरोधी शुल्क आणि किमान भाव लावला तो २०१८ पर्यंत. एकमेकांच्या पायात पाय घालत सगळे पुढे सरकले आणि पॅनल स्वस्त झाले हा चुकून झालेला फायदा.

मधली_सुट्टी
तिरकस +१. आणि आपणही त्यातलेच. भारताने राष्ट्रीय सौर मिशनमध्ये देशी सेल वापरायची अट घातली, अमेरिका २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली, २०१६ ला निकाल भारताच्या विरोधात. मग भारताने अमेरिकेतल्या राज्यांच्या तसल्याच सवलतींवर केस टाकली आणि २०१९ ला ती जिंकली. दोघांनी एकमेकांना कोर्टात हरवलं आणि नंतर, २०२१ ला, अमेरिका याच सौर आघाडीत दाखलही झाली. पुढे २०२२ पासून भारताने आयात पॅनलवर ४० टक्के शुल्क लावलं ते वेगळंच.

शंकासुर
शुल्क लावण्यात गैर काय? पॅनल बनवायच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. पॉलिसिलिकॉनपासून (पॅनलचा कच्चा माल) वेफरपर्यंत (त्याच्या पातळ चकत्या) सगळं एका देशात. उद्या त्यांनी नळ बंद केला तर? शिवाय चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या सक्तीच्या मजुरीचा मुद्दा आहेच, अमेरिकेने त्यावर २०२१ मध्ये कायदाच केला. स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून घ्यायचं का?

गणितवाली
डोळे मिटू नका, पण नळाची उपमा इथे लागू पडत नाही. तेल थांबलं की दुसऱ्या आठवड्यात गाड्या थांबतात. पॅनल थांबले तर नवीन बसणार नाहीत, जे बसलेत ते पंचवीस वर्षं वीज देत राहतात. मजुरीचा मुद्दा मात्र मान्य, तिथे स्वस्ताई हे उत्तर होऊच शकत नाही.

टवाळ
मला तर ते "एक सूर्य, एक जग, एक ग्रिड" भयंकर आवडतं. एकच शंका. फ्यूज उडाला तर बघायला कोणी जायचं?

उन्हाडक्या
हाहाहा. पण टवाळ, कल्पना वेडगळ नाहीये. कुठेतरी दिवस असतोच, तिथली वीज रात्र असलेल्या ठिकाणी न्यायची. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटनबरोबर मोठा कार्यक्रमही झाला होता याचा. पण पुढे काय?

बोरू
पुढे काय ते आधीच घडून गेलंय. २००९ ला डेझर्टेक निघालं होतं, सहारातली वीज युरोपला. बारगळलं. अलीकडे मोरोक्कोतून समुद्रातून जवळजवळ ४००० किलोमीटर केबल टाकून ब्रिटनला वीज न्यायची योजना होती, २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने हात वर केले.

गणितवाली
तांत्रिक अडचण फार नाही हं. उच्च दाबाच्या डीसी लाइनमध्ये हजार किलोमीटरला साधारण ३ टक्के वीज गळते, ते परवडतं. अडचण विश्वासाची. २०२२ मध्ये रशियन गॅसचं काय झालं ते बघितल्यावर संध्याकाळच्या दिव्यासाठी तीन देश पलीकडच्या स्विचवर कोण विसंबून राहील? बाल्टिक देशांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये रशियाच्या ग्रिडपासून फारकत घेतली आणि युरोपच्या ग्रिडला जोडून घेतलं, म्हणजे जग एक ग्रिड होतंय ते मित्र बघून होतंय. आणि बॅटऱ्या इतक्या स्वस्त झाल्यात की दुपारची वीज रात्रीसाठी घरीच ठेवणं सोपं वाटायला लागलंय.

मधली_सुट्टी
पण छोट्या प्रमाणात चालतंय की. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशला गेली. जलविद्युत होती, सौर नाही, पण तीन देश, तीन वीज संस्था आणि एक करार जमला ना. सुरुवात अशीच होते, सगळ्या जगाला एकदम मिठी मारायला जाऊ नये.

वायरमन
आत्तापर्यंत नुसता वाचत होतो पण आता राहवत नाही. मी काही वर्षं पूर्व आफ्रिकेत एका ठेकेदाराकडे काम केलं, खेड्यातल्या आरोग्य केंद्रांवर सौर सिस्टिम बसवायच्या आणि जुन्या दुरुस्त करायच्या. तुमची व्याजाची आणि करारांची चर्चा बरोबरच आहे पण मी बघितलेलं वेगळं आहे.

केंद्रावर पोचलो की आधी दिसायचा बोर्ड. दोन देशांचे झेंडे, देणगीदाराचं नाव, उद्घाटनाची तारीख. बोर्ड चकचकीत. वर छतावर पॅनल, त्यावर पक्ष्यांची घाण आणि धुळीचा थर, तरी तेही चालू, पॅनल सहसा मरत नाही. मरते ती बॅटरी. लीड ॲसिडच्या बॅटऱ्यांचे बूच उघडले की आत प्लेटा कोरड्या ठणठणीत. डिस्टिल्ड वॉटर घालायचं हे नर्सला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आणायचं कुठून? सिस्टिम दिवे आणि लशींच्या फ्रीजसाठी दिलेली, पण गावात प्लग तेवढा एकच म्हटल्यावर अख्ख्या गावाचे मोबाइल तिथे, कोणी इस्त्री पण लावलेली. नाही म्हणणार कोण आणि कुठल्या तोंडाने? बॅटरी रोज तळाला जायची आणि दोन-तीन वर्षांत बसायची.

आता ऐका मजा. प्रकल्पाचा पैसा बसवण्यासाठी होता. नवीन बॅटरी कोणत्या खात्यातून घ्यायची तर तसं खातंच नाही. आरोग्य खातं म्हणणार वीज आमच्याकडे नाही, वीज खातं म्हणणार हे ग्रिडवर नाही, देणगीदार म्हणणार प्रकल्प संपला. एका ठिकाणी चार्ज कंट्रोलरचा (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) फ्यूज गेला होता फक्त. फ्यूज! तेवढ्यासाठी केंद्र कित्येक महिने अंधारात, कारण तो विकत घ्यायचा अधिकार कोणाला आहे हेच ठरत नव्हतं. टवाळ, तुम्ही गमतीत विचारलंत पण माझं अर्धं आयुष्य त्या प्रश्नात गेलंय.

चांगलं पण सांगतो. लशींसाठी नंतर जे फ्रीज आले ते पॅनलला थेट जोडायचे, बॅटरी नाहीच. दिवसा उन्हावर कॉम्प्रेसर चालतो आणि भिंतीतल्या कप्प्यात बर्फ जमवून ठेवतो, रात्रभर त्या बर्फाचा गारवा पुरतो. जागतिक आरोग्य संघटना मॉडेल तपासून यादी करते, युनिसेफ त्या यादीतून खरेदी करते. बॅटरी गेली की लस गेली हे दुखणंच उपटून टाकलं. हे सहकार्य मला दिसलेलं, फोटोत न येणारं.

टवाळ
वायरमनकाका, दंडवत. आता विनोद बंद करून मुकाट वाचतो (थोडा वेळ).

मधली_सुट्टी
काय सुंदर प्रतिसाद! यावर एक वेगळा लेखच लिहा ना काका. मला राजस्थानातलं तिलोनियाचं बेअरफूट कॉलेज आठवलं. आफ्रिकेतल्या खेड्यांमधून आज्या येतात, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही, भाषा तर एकीची दुसरीला कळत नाही, आणि सहा महिन्यांत रंगांच्या खुणांवरून आणि हाताच्या इशाऱ्यांवरून सर्किट जोडायला शिकून परत जातात. भारत सरकारच्या तांत्रिक सहकार्य योजनेतून खर्च होतो. आजीच का, तर तरुण मुलगा सर्टिफिकेट मिळालं की शहराकडे पळतो, आजी गावातच राहते.

तिरकस
हे आवडलं. पण आजीला फ्यूज विकत घ्यायचा अधिकार देणार का, ते विचारा आधी.

वायरमन
तिरकस, अगदी नेमकं बोललात. जिथे गावाची समिती दर महिन्याला थोडे पैसे गोळा करते आणि त्यातून सुटे भाग घेते तिथेच सिस्टिम टिकलेल्या बघितल्यात मी. केनियात तर लोक मोबाइलवरून एम-पेसाने रोजचा चिल्लर हप्ता भरतात, नाही भरला तर दिवा लांबूनच बंद होतो. कडक आहे, पण बिघडलं तर कंपनीला लगेच कळतं कारण तिचा हप्ता थांबतो.

बोरू
आणि त्या दिव्यांच्या दर्जाचं? सुरुवातीला आफ्रिकेत इतके भिकार सौर कंदील आले होते की लोकांचा सौर या शब्दावरचाच विश्वास उडाला. मग जागतिक बँक गटाच्या लायटिंग आफ्रिका कार्यक्रमाने चाचणीची पद्धत ठरवली: किती तास चालतो, पाडल्यावर फुटतो का, बॅटरी किती टिकते. पास झालेल्या मालाची यादी जाहीर करायची. हे रटाळ काम आहे, कोणी त्यावर भाषण ठोकत नाही, पण बाजार हे काम एकट्याने करत नाही.

उन्हाडक्या
मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊ का? एक ताजी गोष्ट टाकायची राहिली. जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेने ज्या डझनावारी आंतरराष्ट्रीय संस्थांमधून बाहेर पडायचं जाहीर केलं त्यात ही सौर आघाडीही आहे आणि अबू धाबीची अक्षय ऊर्जा संस्था, आयरेना, पण. तर याने काय फरक पडणार?

शंकासुर
पॅनलच्या विक्रीला? शून्य.

गणितवाली
पॅनलच्या विक्रीला शून्य हे मान्य. हमीच्या पैशाला पडू शकतो. हमी देणारा जितका तगडा तितकं व्याज खाली येतं. आघाडीकडे स्वतःचा पैसा फार नाही, ती बँकांना आणि देशांना एका टेबलाशी बसवते. टेबलावरचा मोठा भिडू उठला की बाकीचे पाकीट जरा घट्ट धरतात.

पण आघाडीने काही कामाचं केलंच नाही असंही नाही. २०१९ च्या सुमाराला २२ देशांची मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास सौर पंपांची मागणी एकत्र करून भाव काढला होता. एकट्या छोट्या देशाला शंभर पंपांना कोण भाव देणार? घाऊक खरेदीला कमी होतं हे कळायला गणित लागत नाही. पण भाव निघाला म्हणजे पंप बसला असं नाही, प्रत्येक देशाला पुढचं कर्ज स्वतःच शोधायचं होतं. म्हणजे पुन्हा माझं व्याज.

मधली_सुट्टी
छोट्या देशांवरून आठवलं, टोकेलाऊ! प्रशांत महासागरातली तीन प्रवाळबेटं, सगळी वीज डिझेलवर, पिंपं बोटीने यायची. न्यूझीलंडच्या पैशाने २०१२ मध्ये तिन्ही बेटांवर पॅनल आणि बॅटऱ्या लागल्या आणि जवळजवळ सगळी वीज सौर झाली. तिथे बाजार कधी गेला असता? गिऱ्हाईक दीडएक हजार.

तिरकस
आणि पंचवीस वर्षांनी तेच पॅनल बेटावरून न्यायला बोट कोण पाठवणार? आयरेनाच्याच अंदाजात २०५० पर्यंत जगात ७.८ कोटी टनांपर्यंत पॅनलचा कचरा होऊ शकतो. युरोपने २०१२ मध्येच उत्पादकावर परत घ्यायची जबाबदारी टाकली. बाकी ठिकाणी सगळा आनंद आहे.

संपादक
कचऱ्याचा विषय मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढावा ही विनंती. ग्रिडच्या चर्चेलाही वेगळा काढता येईल.

टवाळ
एक सूर्य, एक जग, तीन धागे.

शंकासुर
वायरमन, एक शंका राहिली. आता लिथियम बॅटऱ्या आल्यात, पाणी घालायची भानगड नाही. मग तुम्ही सांगितलेला अर्धा त्रास संपला ना?

वायरमन
पाण्याचा संपला, हो. लिथियम फॉस्फेटवाल्या नीट वापरल्या तर दहा वर्षं सहज जातात, उष्णतेचं तेवढं सांभाळायचं. पण नवा त्रास असा की आत कंट्रोल सर्किट असतं, काही बिघडलं की ते बॅटरी लॉक करतं आणि उघडायचा पासवर्ड कंपनीकडे. गावातला पोरगा हुशार असला तरी हात बांधलेले. फोन लावला तर तिकडे रात्र असते, मेल केला तर सिरीयल नंबरचा फोटो मागतात आणि तो स्टिकर नेमका भिंतीच्या बाजूला. म्हणून माझं म्हणणं, देणगी असो का टेंडर, करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सर्व्हिस पासवर्ड, सर्किट डायग्राम, आणि सुट्या भागांची एक पेटी त्याच गावात, किल्ली नर्सकडे. बॅटरी बसवतानाच स्टिकर समोर येईल अशी बसवा, हे चौथं.

उन्हाडक्या
काका, ती सुट्या भागांची पेटी म्हणजे नक्की काय काय ठेवायचं? यादी द्याल का, इथे कोणाला तरी उपयोगी पडेल.

वायरमन
देतो, रात्री निवांत टाइप करतो. फ्यूज सगळ्यात वर.